पडलं दान, पळाला न्यूट्रॉन!

अंबाबाईचा किरणोत्सव तुला ठाऊक आहे का?

कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पण तू लांब कुठं बसून हे वाचत असशील, तर ऐक. वर्षातून दोनदा, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा जानेवारी सरताना, मावळतीचे किरण देवळाच्या महाद्वारातून आत शिरतात. गरुडमंडप ओलांडतात. आणि थेट गाभाऱ्यात! पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग थोडे वर, मग चेहऱ्यावर.

पण दरवेळी जमतंच असं नाही हं! ढग आला? संपलं. हवेत धूळ आणि बाष्प जास्त? किरण फिके. वाटेत उंच इमारत? अडले!

म्हणजे प्रश्न असा आहे. निघाले किती? वाटेत गडप झाले किती? भरकटले किती? आणि शेवटी पोचले किती?

आता गंमत ऐक. अणुभट्टी बांधणारे इंजिनिअर नेमका हाच प्रश्न सोडवत असतात! फक्त त्यांचे प्रवासी वेगळे. त्यांच्या प्रवाशाचं नाव न्यूट्रॉन.

हा न्यूट्रॉन कोण बुवा?

तू, मी, हे पान, रंकाळा तलावाचं पाणी, सगळं अणूंचं बनलेलं आहे. अणूच्या मधोमध एक इवलंसं केंद्रक असतं. त्या केंद्रकात राहणारा एक कण म्हणजे न्यूट्रॉन. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं तो शोधला. त्याला ना धन विद्युतभार, ना ऋण. त्यामुळं अणूतली वीज त्याला ओढत नाही आणि ढकलतही नाही. साहेब खुशाल भिंतीत घुसतात!

युरेनियमच्या केंद्रकात न्यूट्रॉन घुसला की ते फुटू शकतं. फुटलं की उष्णता निघते. आणि ओळख बघू, आणखी काय निघतं? दोन-तीन नवे न्यूट्रॉन! ते दुसरी केंद्रकं फोडतात, त्यातून आणखी न्यूट्रॉन निघतात. ही साखळी काबूत ठेवायची, उष्णतेनं पाणी उकळायचं, वाफेनं चाकं फिरवायची आणि वीज करायची. आपल्या महाराष्ट्रात तारापूरच्या अणुभट्ट्यांत १९६९ पासून हे चाललंय.

नुकता जन्मलेला न्यूट्रॉन किती जोरात पळतो, सांग बरं?

सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर! एका सेकंदात अर्धी पृथ्वी पालथी. नाद खुळा!

पण इतका जोर कामाचा नाही. अशा सुसाट न्यूट्रॉनच्या हातून युरेनियम सहसा निसटतं. त्याला दमवावं लागतं. कसं? गोट्या खेळताना बघ. गोटी भिंतीवर मारली तर जवळजवळ तेवढ्याच जोरात परत येते. पण तिच्याएवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली, तर दुसरी पळते आणि ही जागच्या जागी थबकते! पाण्यात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजनचं केंद्रक जवळपास न्यूट्रॉनच्याच वजनाचं असतं. म्हणून पाण्यात सरासरी १८ टकरा झाल्या की न्यूट्रॉन दमतो. जडजंबाल युरेनियमवर आपटत राहिला असता, तर दोन हजारांवर टकरा लागल्या असत्या!

आणि दमलेला न्यूट्रॉन किती ‘हळू’ चालतो? सेकंदाला २.२ किलोमीटर. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. हे दमलेले महाशय नऊ-दहा सेकंदांत गडावर!

आता खरी अडचण.

भट्टीच्या भोवती जाड भिंत बांधायची आहे. आतले न्यूट्रॉन बाहेरच्या माणसांपर्यंत पोचता कामा नयेत. किती जाड बांधायची? प्रत्येक न्यूट्रॉनच्या मागं धावून बघावं म्हटलं, तर एक वॅट उष्णतेला दर सेकंदाला सुमारे ३,००० कोटी केंद्रकं फुटतात. एक वॅट म्हणजे किती? रात्री लावायच्या मिणमिणत्या दिव्याएवढी शक्ती! आणि विजेच्या भट्टीत वॅट असतात कोट्यवधी. मोजा म्हणावं!

बरं, एखादा न्यूट्रॉन पुढं कुठं वळेल हे आधी सांगताच येत नाही. प्रत्येक टकरीला नशीब.

नशीब म्हटलं की फासा आलाच! चल, खेळूया.

चौकटीच्या वहीत एका ओळीत शेजारी शेजारी तीन घरं आख. ही झाली भिंत. डावीकडे अणुभट्टी, उजवीकडे तू. मूठभर शेंगदाणे घे. हे आपले न्यूट्रॉन. (खेळ संपेपर्यंत खायचे नाहीत!) एक दाणा डावीकडून पहिल्या घरात ठेव आणि टाक फासा.

२, ३ किंवा ४ पडले, तर एक घर पुढं. ५ किंवा ६ पडले, तर एक घर मागं. आणि १ पडला, तर गडप! भिंतीनं दाणा गिळला.

प्रत्येक घरात नवं दान. पहिल्या घरातून मागं गेला, तर दाणा भट्टीत परत. तिसऱ्या घरातून पुढं गेला, तर आरपार! आणि तो थेट तुझ्या अंगावर.

एका दाण्यावरून काहीच कळत नाही. चार-पाच दाण्यांवरूनही नाही. पण ४८ दाणे सोड आणि मोजत बस. सरासरी ९ आरपार जातील, २० परत फिरतील आणि १९ भिंतीत गडप होतील. तुझे नेमके ९ च येतील असं नाही. ७ येतील, १२ येतील. म्हणून काही बिघडलं नाही. ४८० दाणे सोडलेस, तर उत्तर खऱ्याच्या आणखी जवळ जाईल.

फक्त एक खोड आहे या खेळाची. चूक निम्मी करायची असेल, तर खेळ दुप्पट करून भागत नाही. चौपट करावा लागतो! चूक दहावा हिस्सा करायची? शंभरपट खेळ!

तुला वाटेल, हा तर पोरखेळ. अरे, मोठमोठे शास्त्रज्ञ हाच खेळ खेळतात! त्यांचा फासा जरा वेगळा असतो, एवढंच. टकरीआधी न्यूट्रॉन किती अंतर जाईल, कुठल्या केंद्रकावर आपटेल, कुठल्या कोनात उडेल, प्रत्येकाचा वेगळा फासा. आणि कुठलं दान किती वेळा पडावं, हे प्रयोगशाळेत मोजून ठरवलेलं.

हे सुचलं कोणाला? १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम नावाचे गणिती आजारातून उठत होते. वेळ जाईना म्हणून एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव मांडून बसायचे. त्यांना प्रश्न पडला, डाव सुटण्याची शक्यता किती? गणित मांडून बघितलं, फार किचकट! मग वाटलं, गणित कशाला? शंभर डाव खेळायचे आणि सुटलेले मोजायचे! अणूतल्या कणांनाही हेच लागू पडेल की! त्यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन या दोस्ताला सांगितली आणि पुढच्याच वर्षी फॉन नॉयमननी न्यूट्रॉनसाठी अख्खी योजना पत्रात लिहून काढली.

या पद्धतीला नाव पडलं माँटे कार्लो. ते जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेलं युरोपातलं ठिकाण. उलामचे एक काका नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन तिथं जायचे म्हणे! काकांच्या नादानं विज्ञानाला नाव मिळालं. असली नावं मला फार आवडतात.

१९४८ मध्ये हा खेळ एनिॲक नावाच्या संगणकावर खेळला गेला. संगणक केवढा? वजन सुमारे ३० टन! पण त्याआधी तो एका जागेहून दुसरीकडे हलवायचा होता, म्हणून बंद होता. मग एन्रिको फर्मी नावाच्या शास्त्रज्ञानं काय केलं असेल? पितळेची छोटी गाडी करवून घेतली! भट्टीच्या नकाशावरून ती ढकलायची. किती अंतर आणि कुठल्या दिशेनं, ते नशिबाच्या आकड्यांनी ठरवायचं. गाडी न्यूट्रॉनची वाट कागदावर आखत जायची. खेळण्यातली गाडी आणि काम अणुभट्टीचं!

थांब, संगणकाला हात नाहीत. मग तो फासा टाकणार कसा?

फॉन नॉयमननी युक्ती काढली. चार आकड्यांची एक संख्या घ्यायची. आपण १९३८ घेऊ. जयंत नारळीकर याच साली कोल्हापुरात जन्मले. तेच आकाशाचे शास्त्रज्ञ, ज्यांच्या विज्ञानकथा तू वाचल्या असशील. आता १९३८ ला १९३८ नं गुण. ३७५५८४४. हे सातच आकडे, म्हणून पुढं शून्य लाव. ०३७५५८४४. मधले चार उचल, ७५५८. झालं नवं दान! आता ७५५८ चा वर्ग ५७१२३३६४. मधले चार, १२३३. पुढचं दान ५२०२. पुढं काय येईल, बघून सांगता येतं का? नाही ना!

पण २५०० घेऊन बघ. वर्ग ६२५००००. पुढं शून्य लाव, ०६२५००००. मधले चार, २५००! परत वर्ग, परत २५००! फासा कायमचा अडकला. म्हणून आजचे संगणक यापेक्षा चलाख युक्त्या वापरतात.

आता आपल्या भिंतीकडे परत.

तीन घरांच्या भिंतीतून ४८ पैकी ९ दाणे गेले, म्हणजे पाचात साधारण एक. भिंत दुप्पट केली, सहा घरांची. आता दहात एक जाईल, असं वाटतं ना? चूक! २१ मध्ये एक. नऊ घरं केली तर ८३ मध्ये एक. बारा घरं केली तर ३२४ मध्ये एक! दर तीन घरांमागं जवळजवळ चौथा हिस्साच उरतो. भिंत थोडी वाढते आणि न्यूट्रॉन भराभरा घटतात. इंजिनिअर खूश!

पण फासे टाकणारा रडकुंडीला. खऱ्या काँक्रीटच्या जाड भिंतीतून कोट्यवधींतला एखादा पार होतो. त्या एकासाठी कोट्यवधी दाणे सोडायचे?

इथं एक भारी युक्ती आहे. दाणा चौथ्या घरापर्यंत पोचला ना? शाबास! त्याचे दोन भाग कर. शेंगदाणा सोलला की तसेही दोन होतातच. आता दोन अर्धे दाणे पुढं खेळतील, प्रत्येकाचा वेगळा फासा. आरपार गेला तर ‘एक’ नाही मोजायचा, ‘अर्धा’ मोजायचा. सातव्या घरात परत दोन भाग, पाव-पाव. म्हणजे शेवटाकडे भरपूर खेळाडू आणि हिशेबही खरा! आणि नको तिथं घुटमळणाऱ्या दाण्याचं काय? नाणं उडवायचं. छाप आला तर बाद. काटा आला तर त्याचं मोल दुप्पट. सरासरीत कोणाचंच नुकसान नाही.

मला हा भाग सगळ्यात आवडतो. खेळात लबाडी करायची, पण उत्तर प्रामाणिक ठेवायचं!

सगळ्यांनाच फासा आवडतो असं नाही. काही जण म्हणतात, नशीब कशाला? हिशेब मांडा!

त्यांचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक घरात जेवढे आले, तेवढेच गेले किंवा गडप झाले. भट्टीतून ४८ आले. पहिल्या घरात एकूण किती वेळा दाणे येतील? ४८, अधिक दुसऱ्या घरातून मागं फिरलेले, म्हणजे दुसऱ्याचा तिसरा हिस्सा. दुसऱ्या घरात? पहिल्याचे निम्मे, अधिक तिसऱ्याचा तिसरा हिस्सा. तिसऱ्यात? दुसऱ्याचे निम्मे.

पण पहिलं घर दुसऱ्यावर अवलंबून आणि दुसरं पहिल्यावर! सुरुवात कुठून करायची?

चुकीची कर! खरंच. म्हण, मागं कोणीच फिरत नाही. मग घरांत ४८, २४, १२. आता हेच आकडे धरून परत फेरी मार. पहिल्या घरात ४८ अधिक ८, म्हणजे ५६. मग दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात १६. तिसऱ्या फेरीत ५८ पूर्णांक दोन तृतीयांश, ३४ पूर्णांक दोन तृतीयांश आणि १७ पूर्णांक एक तृतीयांश. आकडे कुठंतरी स्थिरावू लागले की नाही? ते थांबतात ६०, ३६ आणि १८ वर.

पहिल्या घरातली चूक बघ. आधी १२ ची, मग ४ ची, मग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची. दर फेरीला चूक एक तृतीयांश उरते! चुकीपासून निघून बरोबर उत्तरावर पोचायचं. आता १८ चे निम्मे आरपार, ९. साठाचा तिसरा हिस्सा परत, २०. जमलं की नाही!

खऱ्या भट्टीत मात्र न्यूट्रॉन फक्त पुढं-मागं जात नाही, कुठंही उडतो. दिशा अगणित! मग हिशेबवाल्यांनी ठरवलं, सगळ्या दिशा कशाला? आपल्याकडे दाही दिशा म्हणतात ना? आठ भोवतीनं, एक वर, एक खाली. तशा मोजक्याच निवडायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. ही युक्ती गाजवणाऱ्यांत आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. पण ते अणुभट्टीचा विचार करतच नव्हते! त्यांच्या डोक्यात तारे होते. ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश बाहेर कसा येतो, यावर १९५० मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं. त्याच दशकात अमेरिकेत हीच दिशांची युक्ती न्यूट्रॉनसाठी वापरायला लागले. प्रवासी वेगळे, समीकरणाचा घाट तोच!

सूर्याच्या पोटात प्रकाशही आपल्या दाण्यासारखाच भरकटतो. इकडे आपट, तिकडे आपट. मधोमध तयार झालेल्या ऊर्जेला पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात, काही हिशेबांत तर लाखाच्याही पुढं! आणि तिथून कोल्हापूरपर्यंतचे १५ कोटी किलोमीटर? फक्त ८ मिनिटं २० सेकंद.

दिशा मोजक्या घेतल्या की एक फजिती होते. मोठ्या रिकाम्या जागेत मध्ये एक छोटा दिवा आहे असं समज. दिशा फक्त आठ धरल्या, तर हिशेब सांगतो की उजेडाचे आठ पट्टे आहेत आणि मधे मधे मिट्ट काळोख! खरा दिवा असा असतो होय? म्हणून दिशा वाढवाव्या लागतात आणि मग संगणकाला घाम फुटतो.

यावर हल्ली दोन्ही पक्षांनी समेट केलाय. आधी हिशेबवाले घाईघाईनं एक कच्चं उत्तर काढतात. भिंतीतली कुठली जागा महत्त्वाची, ते त्यातून कळतं. मग फासेवाले नेमके तिथंच दाण्यांचे दोन-दोन भाग करतात!

आपल्याकडे हे काम जोरात चालतं ते मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथं ४ ऑगस्ट १९५६ रोजी भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचं नाव अप्सरा! पोहण्याच्या तलावासारख्या पाण्यात बुडालेली आणि चालू असताना निळी चमकणारी. म्हणून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिलं. तिचं पाणी दुहेरी काम करायचं. न्यूट्रॉनना दमवायचं आणि वर उभ्या माणसांना वाचवायचं. भिंतींच्या चाचण्याही अप्सरेपाशी झाल्या. कागदावरचं उत्तर खरं निघतं का, ते मोजून बघायला! पुढं ट्रॉम्बेच्याच लोकांनी असल्या प्रचंड हिशेबांसाठी स्वतःचा महासंगणक बांधला, नाव ‘अनुपम’.

आता शेंगदाणे खाण्याआधी एक कोडं. भिंत तीच, तीन घरांची. नियम तेच. पण दाणा डावीकडून येत नाही. सुरुवातच मधल्या घरात करतो. ४८ दाणे सोडले, तर उजवीकडे किती, डावीकडे किती आणि गडप किती?

आधी फाशानं बघ, मग हिशेबानं. उत्तर उजवीकडे १८, डावीकडे ८ आणि गडप २२. हिशेबात अडलंच तर ही एक खूण: या वेळी बाहेरून येणारे ४८ दुसऱ्या घराच्या ओळीत लिही, पहिल्याच्या नाही.